आधी उजेड, मग नाव

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यात लग्नाची शूटिंग करू लागलेल्या प्रत्येक पोराला एक सल्ला हमखास मिळतो. लेन्स घ्यायची तर कंपनीचीच घे. बॉडी कॅननची असेल तर लेन्स कॅननची, निकॉनची असेल तर निकॉनची. पैसे कमी पडत असतील तर एक सीझन जाऊ दे, साठव, पण सिग्मा-टॅमरॉनसारख्या बाहेरच्या कंपन्यांच्या नादी लागू नको. हा सल्ला देणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांच्यातल्या काहींकडून मी स्वतः काम शिकलो आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्याच्या खिशात पैसे कमी त्याचंच तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

आधी नवशिक्याची अडचण काय असते ते पाहू. त्याच्या हातात कॅननची १५००डी किंवा २००डी असते, तिच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स असते. ही लेन्स दिवसा उजेडात वाईट नाही. पण आपल्याकडची लग्नं दिवसा उजेडात कुठे लागतात? उन्हाळ्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून मुहूर्त गोरजेवर ढकलला जातो. वऱ्हाड उशिरा पोचतं, वरात नाचत नाचत येते, आणि मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत आकाशातला उजेड संपलेला असतो. मंडपात वर रंगीत कापड, बाजूला एलईडीच्या माळा, आणि स्टेजवर दोन हॅलोजन. अक्षता पडायला लागल्या की नवरदेव-नवरीच्या चेहऱ्यावरचा तो क्षण काही सेकंदांचा असतो, आणि तो परत करा असं कुणालाच म्हणता येत नाही.

अशा वेळी किट लेन्स झूम करून ५५ मिमीवर नेली की तिचं अपर्चर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. एफ/२.८ची लेन्स त्याच जागी चौपट प्रकाश आत घेते. हे निव्वळ गणित आहे: दोन स्टॉपचा फरक, म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लावावा लागतो तिथे १६००वर काम होतं, किंवा त्याच आयएसओवर शटर चौपट वेगवान ठेवता येतो. छोट्या सेन्सरच्या स्वस्त बॉडीवर ६४०० आणि १६०० यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकात नवरीच्या गालावर दाणे दिसतात आणि शालूचा रंग मातकट होतो, दुसऱ्यात अल्बमच्या दोन पानांवर पसरलेला फोटो टिकतो. फ्लॅश मारता येतो हे खरं, पण मंडपातली माणसं, मागची रोषणाई, आईच्या डोळ्यांतलं पाणी हे सगळं एका पांढऱ्या झोतानं सपाट होतं.

म्हणजे त्या पोराला हवा आहे उजेड. आणि त्याला सांगितलं जातं की नावासाठी थांब.

या सल्ल्यामागचा सगळ्यांत मोठा आधार असा असतो: ज्या कंपनीनं बॉडी बनवली तिलाच आपल्या बॉडीसाठी लेन्स कशी असावी ते कळतं, बाहेरचा माणूस फार तर नक्कल करणार. ऐकायला हे पटण्यासारखं आहे. पण कॅमेऱ्याचा इतिहास याच्या बरोबर उलट साक्ष देतो, आणि त्यातली एक साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे.

कॅननचा बाजारात आलेला पहिला कॅमेरा १९३६चा हान्सा कॅनन. त्याच्यावरची लेन्स होती ५० मिमी एफ/३.५ निक्कोर. ती बनवली होती निप्पॉन कोगाकू या कंपनीनं, जिला आज आपण निकॉन म्हणतो. लेन्सच काय, लेन्स जिथे बसते तो माउंटही निप्पॉन कोगाकूचाच होता. आज कॅननवाले आणि निकॉनवाले अशी दोन घराणी मानणाऱ्यांनी हे एकदा नीट लक्षात घ्यावं. ज्या नावावर निष्ठा ठेवायला सांगितलं जातं, त्या नावाची सुरुवातच दुसऱ्याच्या भिंगावर झाली.

दुसरी गोष्ट १९५०ची. अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जुन मिकी या जपानी छायाचित्रकारानं ८५ मिमी निक्कोर लेन्सनं त्याचा एक फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. तो पाहून डंकन थेट निप्पॉन कोगाकूच्या कारखान्यात गेला, आपल्या जर्मन लायकावर बसतील अशा निक्कोर लेन्स घेतल्या, आणि त्याच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या जपानी लेन्सबद्दल लेख आला आणि निकॉनचं नाव जगभर झालं. लायकाच्या दृष्टीनं निक्कोर म्हणजे काय होती? थर्ड पार्टी. बाहेरच्या कंपनीची, स्वस्त, जपानी, म्हणून तोवर कुणी फारसं विचारत नसलेली लेन्स. डंकननं नाव पाहिलं नाही, कागदावर उतरलेला चेहरा पाहिला.

आणि आता आपला जिल्हा. सेवाग्रामात महात्मा गांधींचे फोटो काढले ते त्यांच्या नात्यातल्या कनू गांधी यांनी. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम त्यासाठी पैसे देणार नाही. म्हणजे कमी पैसे, कमी उजेड, आणि क्षण परत मागायची सोय नाही. मंडपात उभ्या असलेल्या आपल्या पोराची नेमकी हीच अवस्था असते, म्हणून मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. आता रोलायफ्लेक्सबद्दल. तो बनवणारी ब्राउनश्वाइगची फ्रांके अँड हाइडेके ही कंपनी स्वतः फोटो काढणारी भिंगं बनवतच नव्हती. ती झाइस किंवा श्नायडर यांच्याकडून विकत घेऊन आपल्या डब्यात बसवायची. नाचणगावातून सकाळी निघालं तर तासा-दीड तासात सेवाग्रामला पोचता येतं. तिथल्या त्या ओळखीच्या चित्रांमागचा डबा एका कारखान्याचा होता आणि काच दुसऱ्या कारखान्याची. त्यानं चित्रांचं काय बिघडलं?

कुणी म्हणेल, ही जुन्या काळची गोष्ट झाली, आता सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. मग आजचंच बघू. टॅमरॉननं २०१८ साली सोनीच्या मिररलेस बॉडीसाठी २८-७५ मिमी एफ/२.८ ही लेन्स आणली. १२ गटांत १५ भिंगं, पुढे ६७ मिमीचा फिल्टर, सर्वांत जवळचा फोकस १९ सेंटिमीटरवर. निकॉननं डिसेंबर २०२१मध्ये आपल्या झेड माउंटसाठी २८-७५ मिमी एफ/२.८ जाहीर केली. १२ गटांत १५ भिंगं, ६७ मिमीचा फिल्टर, जवळचा फोकस १९ सेंटिमीटर. निकॉननं तिच्यावर टॅमरॉनचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण दोन्ही रचना शेजारी ठेवून पाहणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरज उरत नाही. अमेरिकेत टॅमरॉनची सुरुवातीची किंमत होती ८०० डॉलरच्या आसपास, निकॉनची १२०० डॉलर. आता मला सांगा, टॅमरॉनच्या लेन्सला नाक मुरडणारे माझे ज्येष्ठ मित्र निकॉनच्या या लेन्सला काय म्हणणार? तिच्यावर निकॉन लिहिलंय म्हणून ती चांगली झाली का?

सोनीचं तर आणखी स्पष्ट आहे. टॅमरॉनच्या मोठ्या भागधारकांत सोनी आहे. शिवाय १ एप्रिल २०११पासून सोनीनं आपल्या ई माउंटची तांत्रिक माहिती इतर लेन्स उत्पादकांना विनामूल्य द्यायला सुरुवात केली. म्हणजे जी बाहेरची लेन्स चोरपावलांनी घ्यावी असं भासवलं जातं, ती बॉडी बनवणाऱ्याच्या संमतीनं बनलेली असते.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. दुकानात, कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात मी ‘डुप्लिकेट’ हा शब्द सिग्मा-टॅमरॉनला लावलेला ऐकतो. डुप्लिकेट माल म्हणजे कॅननचं खोटं नाव छापून विकलेली बॅटरी, चार्जर, कधी मेमरी कार्ड. तो माल खरोखर घातक असतो आणि बाजारात भरपूर आहे. सिग्मा १९६१ साली स्थापन झालेली कंपनी आहे, जपानच्या फुकुशिमा प्रांतात आइझूला तिचा कारखाना आहे, आणि ती लेन्सवर ठळक अक्षरात सिग्माच लिहिते. टॅमरॉन त्याहून जुनी, १९५०ची, साइतामा प्रांतातली. आपल्या नावानं आपला माल विकणाऱ्याला नकली म्हणणं हा अन्याय आहे, आणि त्यापायी खऱ्या नकली मालाकडे दुर्लक्ष होतं हे त्याहून वाईट.

आता दर्जाची गोष्ट. कंपनीची लेन्स जास्त शार्प, हे एके काळी बरंचसं खरं होतं. नव्वदच्या दशकातल्या बाहेरच्या कंपन्यांच्या स्वस्त झूम लेन्स ज्यांनी वापरल्या आहेत, त्यांचं मत त्या अनुभवातून बनलं आहे आणि ते मत तेव्हा रास्त होतं. पण २०१२मध्ये सिग्मानं आर्ट मालिका सुरू केली. तिची पहिली लेन्स ३५ मिमी एफ/१.४. कॅननची तशीच लेन्स १९९८ची होती, किंमत बरीच जास्त होती, आणि त्या काळच्या चाचण्यांत सिग्मानं तिला मागे टाकलं. कॅननला आपली सुधारित लेन्स आणायला २०१५ उजाडलं. २०१३मध्ये सिग्मानं छोट्या सेन्सरसाठी १८-३५ मिमी एफ/१.८ काढली, सबंध झूमभर एफ/१.८. तशी झूम तोवर कुणीही बनवली नव्हती, आणि कॅनन-निकॉननं आपल्या छोट्या सेन्सरच्या डीएसएलआरसाठी ती नंतरही बनवली नाही. मग तिच्या बाबतीत ‘कंपनीचीच घे’ या सल्ल्याचा अर्थ काय लावायचा? कंपनीकडे ती वस्तूच नाही.

मोठ्या कंपन्यांना लहान सेन्सरवाल्या गिऱ्हाइकाची फारशी फिकीर नसते, हे यामागचं कारण आहे असं माझं मत झालं आहे. त्यांचे उत्तम अभियंते, उत्तम काच फुल फ्रेमच्या महागड्या लेन्सकडे जाते. १५००डी घेणाऱ्याला ते किट लेन्स देतात आणि पुढची पायरी एकदम वर ठेवतात. मधल्या पायऱ्या सिग्मा, टॅमरॉन, टोकिनानं बांधल्या. सिग्मानं २०२१मध्ये सोनीच्या छोट्या सेन्सरसाठी १८-५० मिमी एफ/२.८ आणली. वजन २९० ग्रॅम, अमेरिकेतली तेव्हाची किंमत ५४९ डॉलर. त्याच कामासाठी सोनीची स्वतःची १६-५५ मिमी एफ/२.८ आहे, ४९४ ग्रॅमची, जी १३९८ डॉलरला आली होती. सोनीची लेन्स २ मिमीनं जास्त रुंद आहे, बांधणी सरस आहे, हे मी मान्य करतो. पण अडीच पट पैसे देण्याइतका फरक अल्बमच्या पानावर दाखवून द्या, मी माझं म्हणणं मागे घेईन. वर सकाळी हळदीपासून रात्री पाठवणीपर्यंत कॅमेरा मानेत अडकवून फिरणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरकही कळतो.

विरोधी बाजूचा खरा वजनदार मुद्दा वेगळा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. तो ऑटोफोकसचा आणि पुढच्या काळातल्या जुळणीचा. कॅनन आणि निकॉननं आपली बॉडी आणि लेन्स एकमेकींशी कसं बोलतात ते बाहेरच्यांना सांगितलं नव्हतं. सिग्मा-टॅमरॉननं ते संकेत उलगडून काढले आणि त्यावर लेन्स चालवल्या. त्यामुळे कॅननची नवी बॉडी आली की कधी कधी जुनी बाहेरची लेन्स रुसायची. सिग्माच्या फिल्मच्या काळातल्या काही लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर चालेनाशा झाल्या, हे घडलेलं आहे. आरशाच्या डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे बाहेरच्या लेन्सचा फोकस कधी किंचित पुढे, कधी किंचित मागे पडतो. वर जिचं मी कौतुक केलं त्या सिग्मा १८-३५बद्दलही व्ह्यूफाइंडरमधून फोकस चुकण्याची तक्रार अनेकांनी केली आहे, आणि ती खरी आहे.

पण यावरून निघणारा निष्कर्ष ‘कंपनीची घेतली की चिंता मिटली’ असा असेल तर तो टिकत नाही. निकॉनच्या स्वतःच्या जुन्या एएफ-डी लेन्स निकॉनच्याच डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण त्या बॉडींत फोकसची मोटर नाही. २०१६मध्ये निकॉननं आणलेल्या एएफ-पी लेन्स निकॉनच्याच डी९० आणि डी७०००वर फोकस करत नाहीत. आणि पुढे मिररलेसवर जाताना निकॉनचंच एफटीझेड अडॅप्टर घेतलं तरी एएफ-डी लेन्सचा फोकस हातानंच करावा लागतो. पुलगावात सेकंडहँड निकॉन घेणाऱ्या कितीतरी जणांना हे पैसे दिल्यानंतर कळतं. नाव एकच असूनही जुळणी होत नाही. तेव्हा प्रश्न नावाचा नसून त्या बॉडीवर ती लेन्स नीट चालते का, हा आहे. हा प्रश्न प्रत्येक लेन्सला विचारावा लागतो, कंपनीच्या लेन्सलाही.

शिवाय हा दोष आता बराच ओसरला आहे. मिररलेस कॅमेऱ्यात चित्र घेणारा सेन्सरच फोकस मोजतो, म्हणून पुढे-मागे पडण्याची जुनी तक्रार जवळपास संपली. सिग्मानं यूएसबी डॉक काढला, टॅमरॉननं टॅप-इन कन्सोल काढला. संगणकाला जोडून लेन्सचं फर्मवेअर घरी बदलता येतं, फोकसची चूक सुधारता येते. एक सावधगिरी मात्र हवी: ही सोय सगळ्या लेन्सना नाही. आपल्याकडे सेकंडहँडमध्ये भरपूर मिळणारी सिग्माची १७-५० मिमी एफ/२.८ ओएस ही २०१०ची लेन्स डॉकवर चालत नाही. ती घ्यायची तर आपल्याच बॉडीवर तपासून घ्यायची.

जुळणीच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना मला राग येतो हे मी लपवत नाही. कॅननचा आरएफ माउंट २०१८ला आला. २०२२मध्ये कॅननच्या हरकतीनंतर विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीनं आपल्या ऑटोफोकस आरएफ लेन्सची विक्री थांबवली. एप्रिल २०२४मध्ये सिग्मा आणि टॅमरॉननं परवान्यानिशी आरएफ लेन्स जाहीर केल्या, त्या छोट्या सेन्सरपुरत्या. कायद्यानं कॅननला आपल्या पेटंटचा हक्क आहे, त्यावर माझा वाद नाही. पण परिणाम काय झाला? फुल फ्रेम आरएफ बॉडी घेणाऱ्या माणसाला सहा-सहा वर्षं त्या माउंटच्या स्वस्त ऑटोफोकस एफ/२.८ झूमचा पर्यायच उरला नाही. सोनीही अशी काही बंधनं घालते. सोनीच्या वेगवान बॉडीवर बाहेरची लेन्स सेकंदाला १५ फ्रेमच्या पुढे जाऊ दिली जात नाही, बाहेरच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर लावता येत नाही. काच चांगली नाही म्हणून हे घडत नाही, कुलूप लावलं आहे म्हणून घडतं. आणि आपली वडीलधारी मंडळी त्या कुलपाकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, बाहेरची लेन्स कमी पडते.

आता पैशांकडे येऊ. ‘कंपनीच्या लेन्सला रिसेल चांगली’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचा हिशेब एकदा करायलाच हवा. समजा कंपनीची एफ/२.८ झूम दोन लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी विकताना तीस टक्के किंमत उतरली. साठ हजार गेले. समजा बाहेरची सत्तर हजारांना घेतली आणि तिची किंमत तब्बल निम्म्यानं उतरली. पस्तीस हजार गेले. टक्क्यांत कंपनीची जिंकली, खिशात बाहेरची. शिवाय उरलेल्या एक लाख तीस हजारांवर तीन वर्षं हप्ते भरावे लागले नाहीत, ते वेगळंच. ज्यानं लेन्स कर्जावर घेतली आहे त्याला रिसेलचं टक्केवारीतलं कौतुक सांगणं बरोबर नाही.

त्याहून मोठा हिशेब थांबण्याचा आहे. इकडे कापसाचे पैसे हातात आले, तुळशीचं लग्न झालं, की सीझन सुरू होतो आणि मे अखेरीला संपतो. मग पावसाळाभर काम जवळजवळ नसतं. ‘एक सीझन थांब’ म्हणजे वर्ष गेलं. त्या वर्षात तो पोरगा किट लेन्सनं काढलेले दाणेदार फोटो दाखवत फिरणार, म्हणून त्याला कमी पैशांची कामं मिळणार, म्हणून त्याचे पैसे साठणार नाहीत, म्हणून पुढच्या वर्षीही त्याला तोच सल्ला मिळणार. सल्ला देणाऱ्याचा स्टुडिओ चालू असतो, त्याच्याकडे दोन बॉडी असतात, त्याला थांबणं परवडतं. ज्याला ‘भाऊ, घेऊ का थांबू?’ असं विचारावं लागतं त्याला ते परवडत नाही. माझा सगळा आक्षेप इथे येऊन थांबतो.

सर्व्हिसचा मुद्दा थोडक्यात. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जवळ असतं म्हणतात. नाचणगावाजवळ कुणाचंच नाही. लेन्स बिघडली तर ती नागपूरला न्यायची किंवा तिथून पुढे पाठवायची, मग तिच्यावर कॅनन लिहिलेलं असो की टॅमरॉन. वॉरंटीचं खरं नातं नावाशी नसून बिलाशी आहे. चार हजार वाचतात म्हणून बिनाबिलाची, बाहेरून आलेली लेन्स घेतली तर कंपनीची असली तरी भारतातलं सेंटर वॉरंटीत हात लावेलच असं नाही.

बोर व्याघ्र प्रकल्पाबद्दल लिहिलं नाही तर वर्धा जिल्ह्यातल्या कॅमेरेवाल्यांचं निम्मं बोलणं राहून जाईल. २०१४मध्ये बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि इथल्या कितीतरी तरुणांना वाघाच्या फोटोचं वेड लागलं. नेमकं त्याच सुमारास टॅमरॉनची १५०-६०० मिमी बाजारात आली. नोव्हेंबर २०१३मध्ये ती जाहीर झाली, अमेरिकेत किंमत १०६९ डॉलर. मग सिग्मानं तशाच दोन आणल्या. तोपर्यंत ६०० मिमी म्हणजे कॅनन-निकॉनची कित्येक लाखांच्या घरातली एफ/४ लेन्स, जी मोठ्या शहरातला डॉक्टर किंवा कारखानदार घ्यायचा. ६०० मिमीला एफ/६.३ असलेली लेन्स पहाटेच्या धुक्यात एफ/४ची बरोबरी करत नाही. करू शकत नाही, तिथे तर सव्वा स्टॉपच्या आसपास फरक आहे. पण तिनं जंगलातल्या जिप्सीत साध्या पगारदार माणसाला जागा दिली. आणि २०१५मध्ये निकॉननं २००-५०० मिमी एफ/५.६ ही चौदाशे डॉलरची लेन्स काढली. निकॉननं ती दयाबुद्धीनं काढली असं मला वाटत नाही. बाहेरच्यांनी बाजार दाखवला म्हणून ती आली. आज जो अभिमानानं सांगतो की माझी २००-५०० कंपनीची आहे, त्यानं त्यासाठी थोडे आभार टॅमरॉनचेही मानावेत.

मग कंपनीची लेन्स कधीच घेऊ नये का? असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ५० मिमी एफ/१.८ घ्यायची असेल तर डोळे झाकून कॅननची किंवा निकॉनची घ्या. ती मुळातच स्वस्त आहे, आणि योंगनुओसारख्या बाहेरच्या कंपन्यांची घेऊन जे थोडे पैसे वाचतात त्यात फोकसचा भरवसा जातो. फुल फ्रेम आरएफ बॉडी हातात असेल तर बाहेरची शोधण्यात वेळ घालवू नका, कॅननचं अडॅप्टर घेऊन डीएसएलआरच्या सेकंडहँड ईएफ लेन्स बसवा, त्या उत्तम चालतात. ज्याला रोज कबड्डीचे, ॲथलेटिक्सचे सामने वर्तमानपत्रासाठी टिपायचे आहेत आणि वीस-तीस फ्रेमच्या वेगाचा खरोखर उपयोग आहे, त्यानं कंपनीची घ्यावी. या तिन्ही ठिकाणी कारण आहे, किंमत आहे, काम आहे. मला हरकत आहे ती विनाकारण नावाला.

२००डी असलेल्या आणि चाळीस-पन्नास हजारांच्या आत बसवायचं असलेल्या मुलाला मी आज काय सांगतो, ते लिहून ठेवतो. सिग्माची किंवा टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ सेकंडहँड बघ. टॅमरॉनच्या मोटरचा आवाज व्हिडिओत येतो, त्यामुळे व्हिडिओ करणार असशील तर सिग्मा. सोबत कॅननची ५० मिमी एफ/१.८. उरलेल्या पैशांत एक बरा फ्लॅश आणि अस्सल बॅटरी. आणि लेन्स घ्यायला नागपूरला जाताना स्वतःची बॉडी, भरलेली बॅटरी आणि कार्ड बरोबर ने.

सीताबर्डीच्या दुकानात काउंटरवर पाच मिनिटं ठाण मांडून बस. छापील मजकूर असलेलं खोकं तिरकं ठेव, मधल्या एका अक्षरावर फोकस कर, एफ/२.८वर आठ-दहा फोटो काढ, दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लाव. व्ह्यूफाइंडरमधून काढ, मग लाइव्ह व्ह्यूमधून काढ. मोठं करून बघ, तेच अक्षर स्पष्ट आहे की शेजारचं. दोन्ही प्रकारांत वेगळं दिसलं तर ती लेन्स बाजूला ठेव आणि दुसरी माग. १७ला, ३५ला, ५०ला, तिन्हीकडे बघ. चारही कोपरे सारखे येतात का ते समोरच्या भिंतीवर बघ. एकच कोपरा धूसर असेल तर आतलं भिंग हललेलं आहे. मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघ, कारण आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना ती लागतेच. मग किमतीचं बोलणं कर, आणि सिरियल नंबर घातलेलं बिल घे. दुकानदार हे सगळं करू देत नसेल तर लेन्स कुणाच्याही नावाची असो, पैसे खिशात ठेव आणि शेजारच्या दुकानात जा.